कचेरीतला धाक, घरातले स्वास्थ्य

ज्येष्ठांच्या प्रकृतीचा विचार करताना आपण औषधे, आहार, व्यायाम आणि झोप यांची आवर्जून विचारपूस करतो. त्यांची काळजी घेणारा मुलगा, मुलगी किंवा सून दिवसाचे नऊ-दहा तास कोणाच्या हाताखाली काम करते, हे मात्र सहसा कोणी विचारत नाही. वास्तविक घरातील कितीतरी गोष्टी त्या एका माणसाच्या मर्जीवर अवलंबून असतात. वडिलांच्या डायलिसिसच्या वेळी सोबत कोण थांबणार, आईला डोळ्यांच्या तपासणीसाठी कोणत्या दिवशी नेता येणार, संध्याकाळचे इन्सुलिन वेळेवर मिळणार की नाही, हे पुष्कळदा कचेरीतील एक वरिष्ठ ठरवत असतो, आणि त्याचे नावही घरातील आजी-आजोबांना ठाऊक नसते.

हा वरिष्ठ समंजस असेल तर घराचे गाडे सुरळीत चालते. तो सतत हुकूमत गाजवणारा, प्रत्येक बारीकसारीक गोष्टीत हात घालणारा, चारचौघांत पाणउतारा करणारा असेल तर त्याची झळ सगळ्या घराला लागते. कचेरीत गिळलेला राग घरी बाहेर पडतो. वड्याचे तेल वांग्यावर निघते, आणि ते वांगे बहुतेक वेळा घरातील सर्वांत दुबळे माणूस असते. म्हणून जाचक वरिष्ठाशी विधायक मार्गाने कसे वागावे, हा विषय आज या सदरात घेत आहोत. तो नोकरी करणाऱ्यांचा आहे, तितकाच त्यांच्या आधाराने जगणाऱ्या ज्येष्ठांचाही आहे.

कडक, जाचक आणि छळवादी

प्रथम एक भेद स्पष्ट करून घेऊ. कडक वरिष्ठ वेळेचा आणि कामाच्या दर्जाचा आग्रह धरतो. पण त्याचे नियम सर्वांना सारखे असतात आणि आज सांगितलेले तो उद्या फिरवत नाही. अशा माणसाच्या हाताखाली काम करणे कष्टाचे असले तरी त्यातून माणूस घडतो. आपल्यापैकी अनेकांनी असे साहेब पाहिले असतील आणि निवृत्तीनंतर त्यांची कृतज्ञतेने आठवणही काढली असेल.

जाचक वरिष्ठाचे तसे नसते. काम काय करायचे हे सांगून तो थांबत नाही. ते कसे, कोणत्या क्रमाने आणि कोणत्या शब्दांत करायचे हेही तोच ठरवतो. अर्ध्या तासाने ‘कुठवर आलं?’ असे विचारतो. काम नीट झाले तर ते गृहीत धरतो. चुकले तर सर्वांसमोर बोलतो. हाताखालच्या माणसाला स्वतःच्या कामात कसलाही निर्णय उरत नाही.

तिसरा प्रकार छळवादी माणसाचा. शिवीगाळ, जातीवरून, शरीरावरून किंवा आजारावरून टोमणे, लैंगिक स्वरूपाचे बोलणे वा वागणे, वेतन किंवा रजा सूडबुद्धीने अडवणे ही त्याची लक्षणे. दुसऱ्या प्रकारच्या वरिष्ठाशी बोलून, समजावून, युक्तीने मार्ग काढता येतो. तिसऱ्याशी तडजोड करत बसू नये. तेथे नियमांचा आणि कायद्याचा आधार घ्यावा. आपला वरिष्ठ कोणत्या प्रकारात मोडतो हे शांतपणे ठरवले की पुढील वाट अर्धी सोपी होते.

शरीर काय सोसते

मोठ्या पदावरच्या माणसाला जबाबदारीचा ताण अधिक, म्हणून हृदयविकारही त्यालाच, अशी एक समजूत पूर्वी रूढ होती. लंडनमधील सरकारी कचेऱ्यांतील कर्मचाऱ्यांच्या प्रदीर्घ अभ्यासाने ती खोटी ठरवली. ज्या रस्त्याच्या परिसरात या कचेऱ्या आहेत, त्याच्या नावावरून हा अभ्यास ‘व्हाइटहॉल अभ्यास’ म्हणून ओळखला जातो. १९६७ मध्ये त्याचा पहिला टप्पा सुरू झाला आणि त्यात सुमारे १८ हजार पुरुषांची तपासणी झाली. पुढील दहा वर्षांत हृदयविकाराने मृत्यू येण्याचे प्रमाण सर्वांत वरच्या श्रेणीतील अधिकाऱ्यांच्या तुलनेत सर्वांत खालच्या श्रेणीतील कर्मचाऱ्यांत सुमारे तिप्पट आढळले. धूम्रपान, रक्तदाब, कोलेस्टेरॉल यांचा हिशेब करूनही या फरकाचा मोठा भाग उलगडत नव्हता.

मायकेल मार्मट यांच्या नेतृत्वाखाली १९८५ मध्ये दुसरा टप्पा सुरू झाला. त्यात ३५ ते ५५ वर्षे वयाचे १० हजार ३०८ स्त्री-पुरुष सहभागी झाले. त्यातून पुढे आलेला एक निष्कर्ष आपल्या विषयाच्या अगदी गाभ्याचा आहे. ज्यांना आपल्या कामावर स्वतःचे नियंत्रण कमी होते, म्हणजे काम केव्हा, कसे, कोणत्या क्रमाने करावे हे ज्यांच्या हाती नव्हते, त्यांच्यात हृदयविकाराचा धोका अधिक दिसला. रॉबर्ट कारासेक या अमेरिकी समाजशास्त्रज्ञानेही १९७९ मध्ये असाच विचार मांडला होता. कामाचा रेटा मोठा आणि निर्णयाची मुभा लहान, हा संयोग सर्वाधिक ताणाचा असतो, असे त्याचे म्हणणे.

यामागचे शरीरशास्त्र अवघड नाही. धोका जाणवला की ॲड्रिनलिन आणि कॉर्टिसोल ही संप्रेरके रक्तात वाढतात. हृदयाची गती, रक्तदाब आणि रक्तातील साखर वर जाते. संकट टळले की सारे पूर्ववत होते. परंतु ज्याला दिवसभर ‘आता काय निघेल?’ अशा धास्तीत बसावे लागते, त्याचे शरीर पूर्ववत व्हायला उसंतच मिळत नाही. झोप उथळ होते, मान आणि पाठ आखडते, पित्त वाढते, चिडचिड होते. त्यात घरी रुग्णसेवेची रात्रपाळी असेल तर भर पडते ती वेगळीच.

यातून उपायाची दिशाही कळते. वरिष्ठाचा स्वभाव बदलणे आपल्या हाती नाही. मात्र आपल्या कामाचा थोडा तरी भाग पुन्हा आपल्या ताब्यात आणणे शक्य असते. पुढे सांगितलेले सारे उपाय या एकाच सूत्राचे विस्तार आहेत.

त्याची भीती ओळखा

हाताखालच्या माणसावर सतत पाळत ठेवणारा वरिष्ठ बहुतेक वेळा स्वतः धास्तावलेला असतो. त्याच्याही डोक्यावर कोणीतरी असते. काम बिघडले तर उत्तर आपल्याला द्यावे लागेल, ही चिंता त्याला स्वस्थ बसू देत नाही. त्याच्या वागण्याचे समर्थन करण्यासाठी हे सांगितलेले नाही. त्याची नाडी कळावी म्हणून सांगितले. रुग्ण का कण्हतो हे कळल्याशिवाय औषध देता येत नाही, तसेच हे आहे.

अशा माणसाची चिंता दोन गोष्टींनी कमी होते. पहिली, त्याने विचारण्याआधी कळवणे. सकाळी कामाला लागताना चार ओळींचा निरोप पाठवावा: आज कोणती कामे हाती आहेत, त्यांतील कोणते केव्हा पूर्ण होईल, कोठे अडचण येण्याचा संभव आहे. संध्याकाळी दोन ओळींत झालेले व राहिलेले कळवावे. दुसरी, वाईट बातमी लपवून न ठेवणे. काम वेळेत होणार नाही असे सोमवारी लक्षात आले तर ते सोमवारीच सांगावे. गुरुवारी ते उघडकीस आले की पाळत दुप्पट होते. दोन-तीन आठवडे हा क्रम सांभाळला की पुष्कळ ठिकाणी अर्ध्या तासाने येणारे फोन हळूहळू विरळ होतात. जेथे होत नाहीत, तेथेही आपल्या कामाची नोंद आपल्यापाशी राहतेच.

बोलावे कसे

साहेबाच्या पुढून आणि घोड्याच्या मागून जाऊ नये, असे जुने लोक म्हणत. त्यात तथ्य आहे. पण आयुष्यभर आडवाटेनेच चालायचे ठरवले तर मनाला तोंड दाबून बुक्क्यांचा मार बसतो. कधीतरी समोर बसून बोलावेच लागते. ते बोलणे सफल व्हावे यासाठी काही पथ्ये आहेत.

बोलणे चारचौघांत नको, एकान्तात हवे. वेळ आधी मागून घ्यावी. तो घाईत किंवा रागात असेल तेव्हा विषय काढू नये. स्वभावावर बोट न ठेवता एका ठरावीक प्रसंगाविषयी बोलावे. आणि मुख्य म्हणजे मागणी एकच करावी, तीही छोटी.

‘तुमचा माझ्यावर विश्वासच नाही,’ असे म्हटले की वाद सुरू होतो. त्याऐवजी असे म्हणून पाहावे: ‘सर, दर तासाला माहिती द्यायची म्हणजे हातातलं काम थांबतं. दुपारी एक वाजता आणि संध्याकाळी पाच वाजता असं दोनदा सविस्तर कळवलं तर चालेल का?’ या वाक्यात तक्रार आहे, पण तिच्यासोबत पर्यायही आहे. एकाच दिवशी तीन कामे अंगावर आली तर ‘एवढं सगळं कसं होणार?’ असे न विचारता, ‘मॅडम, यांतलं आज आधी कोणतं हवं? बाकीची उद्या दुपारपर्यंत देते,’ असे म्हणावे. निवड वरिष्ठाची राहते; दिवसाची आखणी मात्र आपल्याकडे येते.

सर्वांसमोर अपमान झाला तर त्याच क्षणी उत्तर देण्याचा मोह आवरावा. एक दीर्घ श्वास घेऊन तो सावकाश सोडावा आणि इतकेच म्हणावे: ‘चूक कुठे झाली ते मला समजून घ्यायचं आहे. आपण आत बसून बोलू या का?’ स्वर खाली ठेवला की समोरच्यालाही तो फार वेळ वर ठेवता येत नाही. नंतर एकान्तात स्पष्ट सांगावे: ‘माझ्या चुका मला जरूर दाखवा, पण सगळ्यांसमोर बोललं की मला पुढचं काम सुधारत नाही.’ अशा प्रत्येक बोलण्यानंतर काय ठरले ते दोन ओळींत ई-मेलने कळवून ठेवावे. त्यात उपहास नसावा, आभार असावेत.

रुग्णसेवा करणाऱ्याची विनंती

घरी आजारी माणूस असलेल्या कर्मचाऱ्यापुढचा प्रश्न अधिक नाजूक असतो. रजा मागताना त्याला ओशाळल्यासारखे होते. मग तो ताकाला जाऊन भांडे लपवतो: ‘घरी जरा प्रॉब्लेम आहे’, ‘आज थोडं लवकर जायचं होतं’. ऐकणाऱ्याला यातून काहीच बोध होत नाही; हा माणूस केव्हाही गैरहजर राहील, एवढेच त्याच्या मनात ठसते. आधीच धास्तावलेल्या वरिष्ठाला अनिश्चिततेइतके दुसरे काही असह्य नसते.

म्हणून आजाराचे रूपांतर वेळापत्रकात करावे. बहुतेक दीर्घ आजारांना एक ताल असतो. हिमोडायलिसिस सामान्यतः आठवड्यातून दोन किंवा तीन वेळा, प्रत्येक वेळी सुमारे चार तास चालते. केमोथेरपीची अनेक सत्रे ठरावीक आठवड्यांच्या अंतराने येतात. पक्षाघातानंतरच्या व्यायामोपचारांच्या वेळा आधी ठरलेल्या असतात. डॉक्टरांकडून पुढील तीन महिन्यांच्या तारखा लिहून घ्याव्यात आणि मग विनंती करावी. समजा, वडिलांचे डायलिसिस मंगळवारी, गुरुवारी आणि शनिवारी सकाळी सात ते अकरा असे आहे. गुरुवार व शनिवार भाऊ सांभाळतो. तर अर्ज असा होईल:

‘दर मंगळवारी मला सकाळी वडिलांसोबत रुग्णालयात थांबावे लागते. त्या दिवशी मी साडेबारा वाजता कामावर येईन आणि संध्याकाळी तेवढा वेळ अधिक थांबेन. त्या सकाळचे तातडीचे काम कोण पाहील, हे सहकाऱ्याशी बोलून ठरवले आहे. तीन महिने हा क्रम करून पाहावा आणि नंतर त्याचा फेरविचार करावा, ही विनंती.’

या अर्जात दयेची याचना नाही. दिवस निश्चित आहे, भरपाई सांगितली आहे, पर्यायी व्यवस्था आहे, आणि मुदत ठरवल्यामुळे वरिष्ठालाही होकार देणे अवघड जात नाही. सोबत डॉक्टरांचे पत्र जोडावे. एखादा दिवस अचानक उद्भवेल हेही आताच सांगून ठेवावे. त्या वेळी कोणाला कळवायचे, ते ठरवून घ्यावे.

आपल्या आस्थापनेचे रजेचे नियम मूळ कागदावर वाचावेत, ऐकीव माहितीवर विसंबू नये. केंद्र सरकारच्या कर्मचाऱ्यांना वर्षाला ३० दिवस अर्जित रजा, २० दिवस अर्धवेतनी रजा आणि ८ दिवस नैमित्तिक रजा मिळते. वृद्ध आईवडिलांच्या शुश्रूषेसारख्या वैयक्तिक कारणासाठीही ती घेता येते. रजा मंजूर करणे हा वरिष्ठाचा अधिकार असतो हे खरे. म्हणूनच तारखा आधी कळवण्याला महत्त्व आहे. खासगी कंपन्यांचे नियम निरनिराळे असतात. मनुष्यबळ विभागाकडून ते लेखी मागून घेण्यात संकोच नसावा.

मर्यादा ओलांडली जाते तेव्हा

बोलणे, कळवणे, विनंती करणे यांपैकी कशाचाच उपयोग होत नसेल किंवा वागणूक छळाच्या पातळीवर गेली असेल, तर एक वही ठेवावी. तारीख, वेळ, नेमके शब्द, कोण उपस्थित होते आणि आपण काय केले, एवढे त्याच दिवशी लिहावे. विशेषणे नकोत. ‘फार वाईट बोलले’ या वाक्याला चौकशीत वजन नसते. नेमक्या शब्दांना असते. ही वही आणि आवश्यक ई-मेल्सच्या प्रती घरी सुरक्षित ठेवाव्यात. मात्र कार्यालयाची गोपनीय कागदपत्रे बाहेर नेऊ नयेत. त्यातून आपणच अडचणीत येतो.

वीस किंवा अधिक कामगार असलेल्या औद्योगिक आस्थापनेत तक्रार निवारण समितीची तरतूद कायद्याने केलेली आहे. महिला कर्मचाऱ्यांच्या लैंगिक छळाविरुद्ध २०१३ चा कायदा आहे. त्यानुसार दहा किंवा अधिक कर्मचारी असलेल्या ठिकाणी अंतर्गत समिती असणे बंधनकारक आहे. त्याहून लहान जागी जिल्ह्याच्या स्थानिक समितीकडे जाता येते. तक्रार सामान्यतः घटनेपासून तीन महिन्यांच्या आत करावी लागते, त्यामुळे ‘बघू पुढे’ म्हणून दिवस घालवू नयेत. अनुसूचित जाती-जमातींतील व्यक्तींच्या जातिवाचक अपमानासाठी १९८९ च्या कायद्याचे संरक्षण आहे. ही पावले एकट्याने उचलू नयेत. कर्मचारी संघटना, वकील किंवा विश्वासातील ज्येष्ठ सहकारी यांचा सल्ला घ्यावा.

नोकरी सोडणे हाही एक मार्ग आहे, आणि कधीकधी तोच योग्य असतो. पण तो निर्णय भांडणाच्या रात्री घेऊ नये. ज्या घरात वृद्ध आईवडील आहेत तेथे राजीनाम्याआधी एक गोष्ट अवश्य तपासावी: त्यांचा आरोग्य विमा कंपनीच्या सामूहिक योजनेत आहे का? असेल तर नोकरीबरोबर तो संपतो, आणि सत्तरीतील मधुमेही माणसाला नवा विमा सहज व स्वस्त मिळत नाही. त्याच विमा कंपनीच्या वैयक्तिक पॉलिसीत जाता येईल का, याची चौकशी नोकरीत असतानाच करावी. ७० वर्षे व त्यावरील नागरिकांना उत्पन्नाची अट न ठेवता आयुष्मान भारत योजनेत वर्षाला कुटुंबामागे ५ लाख रुपयांपर्यंतच्या रुग्णालयीन उपचारांचे संरक्षण २०२४ पासून मिळते. ते कार्ड काढले नसेल तर आधी काढून घ्यावे. दुसरी नोकरी हाती येईपर्यंत घरखर्च आणि औषधे किती महिने चालतील, याचा हिशेब कागदावर मांडावा. असा हिशेब मांडून जो बाहेर पडतो, त्याला पुन्हा तसाच वरिष्ठ नाइलाजाने पत्करावा लागत नाही.

घरातील ज्येष्ठांसाठी

आता थोडे ज्येष्ठ वाचकांशी. मुलगा किंवा मुलगी साहेबाविषयी बोलू लागली की आपल्या ओठांवर दोन वाक्ये तयार असतात. एक, ‘आम्ही नाही का सोसलं?’ आणि दुसरे, ‘मग दे सोडून!’ दोन्ही वाक्ये मायेपोटीच येतात. पण पहिल्याने बोलणाऱ्याचे दुःख लहान ठरते आणि दुसऱ्याने त्याची जबाबदारी.

आपण सोसले हे खरेच आहे. मस्टरवरची लाल रेघ, मेमो, गोपनीय अहवालातील प्रतिकूल शेरा, गावोगावच्या बदल्या हे सारे आपण पाहिले. पण त्या काळी कचेरीचे दार संध्याकाळी बंद झाले की साहेबाचा आवाज दाराआड राहत असे. बहुतेक घरांत फोनच नव्हता. आज तोच आवाज मुलाच्या खिशात असतो. जेवणाच्या ताटावर, आजारी माणसाच्या उशाशी, रात्री अकरा वाजताही तो ऐकू येतो. दिवसाचे कामाचे तास मोजायला गेलो तर ते कोठे संपतात हेच कळत नाही. जागतिक आरोग्य संघटना आणि आंतरराष्ट्रीय श्रम संघटना यांनी २०२१ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासानुसार, आठवड्याला ५५ तास किंवा अधिक काम करणाऱ्यांना ३५ ते ४० तास काम करणाऱ्यांच्या तुलनेत पक्षाघाताचा धोका सुमारे ३५ टक्क्यांनी अधिक असतो. तेव्हा ‘आमच्या वेळी’ची तुलना जपून करावी.

मग करावे काय? ऐकावे. ‘आज काय झालं?’ असे विचारून मध्ये न बोलता दहा मिनिटे ऐकणे हे मोठे औषध आहे. ऐकून झाल्यावर सल्ला देण्यापूर्वी विचारावे: ‘तुला माझं मत हवं आहे, की नुसतं सांगायचं होतं?’ मत हवे असेल तर आपल्या तीस-पस्तीस वर्षांच्या नोकरीचा अनुभव त्याच्यापुढे ठेवावा. कोणत्या साहेबाला कोणती गोष्ट पटत असे, अर्ज कसा लिहिला की मंजूर होई, कोठे गप्प बसणे फायद्याचे ठरले आणि कोठे महागात पडले, हे पुस्तकांत सापडत नाही.

घरी आल्यावर पहिला अर्धा तास माणसाला मोकळा मिळू द्यावा. दिवसभरातील आपल्या दुखण्यांची यादी चहाआधी मांडू नये. याचा अर्थ दुखणे लपवावे असा मुळीच नाही. ‘पोराला आधीच ताण आहे’ म्हणून छातीतील कळ, तोल जाणे किंवा लघवीतील रक्त लपवणारे आईवडील पुढे त्याच पोरावर मोठे संकट ओढवतात. तातडीचे असेल ते लगेच सांगावे. बाकीचे एका वहीत लिहून ठेवावे आणि रात्री जेवणानंतर एकदाच दाखवावे. आपल्यामुळेच त्याला बोलणी खावी लागतात, असे मानून मनात कुढत बसू नये. तारखांची वही सांभाळणे, औषधे संपण्यापूर्वी आठवण करणे, तपासण्यांच्या फायली लावून ठेवणे, ही कामे अनेक ज्येष्ठांना बसल्या जागी करता येतात आणि त्यांतूनच मुलांचा कितीतरी भार हलका होतो.

आपल्याच घरातील साहेब

शेवटी आरशात एकदा पाहू. अनेक घरांत बारा तासांच्या ड्युटीवर रुग्णसेविका येतात. त्यांचा वरिष्ठ कोण? आपणच. मुलगा कचेरीतून दर तासाला फोन करतो, मुलगी दुसऱ्या शहरातून कॅमेऱ्यावर पाहते, सून दाराआडून सांगते आणि अंथरुणावरील आजोबा स्वतःचा निराळा हुकूम सोडतात. चार साहेबांची ही नोकरी मावशी मुकाट्याने करतात आणि महिन्याभरात निघून जातात. मग आपण म्हणतो, ‘हल्ली माणसं टिकत नाहीत.’

कचेरीत आपल्याला जे हवे असते, तेच त्यांना घरात हवे असते. सूचना देणारी व्यक्ती एकच असावी. औषधांचा तक्ता मराठीत, ठळक अक्षरांत भिंतीवर लावावा. डॉक्टरांनी सांगितले ते तंतोतंत पाळायला हवे. पण आंघोळ आधी की नाश्ता आधी, फिरवून केव्हा आणायचे, अशा गोष्टींत त्यांचे मत विचारावे. रुग्णाच्या सवयी पुष्कळदा त्यांनाच अधिक ठाऊक असतात. दुपारची विश्रांती आणि आठवड्याची सुट्टी ठरलेली असावी. चूक सांगायची तर रुग्णासमोर नको. कॅमेरा लावला असेल तर तो कोठे आहे हे त्यांना सांगितलेले असावे. ज्यांच्या हाती आपण आपले आईवडील सोपवतो, त्यांच्या हाती थोडा निर्णयही सोपवावा लागतो.

केव्हा मदत घ्यावी

दोन-तीन आठवडे झोप लागत नसेल, कामावर जाण्याच्या कल्पनेनेच पोटात गोळा येत असेल, भूक मंदावली असेल, मद्य किंवा तंबाखूचे प्रमाण वाढले असेल, तर डॉक्टरांना भेटावे. रक्तदाब आणि साखर तपासून घ्यावी. छातीत दुखणे, घाम सुटणे, डाव्या हातात किंवा जबड्यात कळ येणे ही लक्षणे ‘टेन्शनमुळे असेल’ म्हणून अंगावर काढू नयेत. लगेच १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी. जगणे नकोसे वाटत असेल तर भारत सरकारच्या ‘टेली-मानस’ सेवेच्या १४४१६ या क्रमांकावर दिवसरात्र केव्हाही विनामूल्य आणि मराठीतूनही बोलता येते. हा क्रमांक घरातील सर्वांच्या फोनमध्ये नोंदवून ठेवावा.

या पंधरवड्यासाठी एकच काम सुचवतो. रुग्णसेवा आणि नोकरी दोन्ही सांभाळणाऱ्या प्रत्येक घराने पुढील तीन महिन्यांचे एक वेळापत्रक एकत्र बसून तयार करावे. रुग्णालयाच्या तारखा, कामावरचे महत्त्वाचे दिवस, कोणी कोणता वार सांभाळायचा हे त्यात लिहावे. त्याची एक प्रत घरात लावावी आणि तिच्या आधारे वरिष्ठांकडे विनंतीचा अर्ज करावा. साहेबांचा स्वभाव तीन महिन्यांत बदलेलच असे नाही. पण आठवड्यातील एक मंगळवार जरी आपल्या हाती आला, तरी त्या मंगळवारी वडिलांच्या शेजारी बसताना लक्ष फोनकडे राहणार नाही, आणि वडिलांनाही ते कळेल.